बारा ऑगस्ट, ग्राउझची शिकार आणि इंग्लंडातून गायब होणारा भोवत्या

टेकडीवरचा
१२ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४०

आज बारा ऑगस्ट. ब्रिटनमध्ये या दिवसाला 'ग्लोरियस ट्वेल्थ' म्हणतात. तित्तिराच्या कुळातल्या रेड ग्राउझ या पक्ष्याच्या शिकारीचा मोसम आज सुरू होतो आणि दहा डिसेंबरला संपतो. १८३१ च्या कायद्याने ठरवलेली तारीख अजून तशीच आहे. मी लीड्सला राहतो. तासाभराच्या अंतरावर यॉर्कशायर डेल्सचे डोंगर आहेत आणि ऑगस्टमध्ये ते हेदर नावाच्या बुटक्या झुडपाच्या फुलांनी जांभळे होतात. आपल्याकडची मंडळी कास पठार आठवून फोटो काढतात. हे डोंगर असे का दिसतात आणि त्यांवरचा हेन हॅरियर हा शिकारी पक्षी का गायब होतो, यावर मात्र फारसं बोललं जात नाही, म्हणून हा धागा.

इथे मुख्य प्रकार हाक्याच्या शिकारीचा. हाकारे झेंडे फडकावत रांगेने चालत येतात, पक्षी उठतात आणि दगडी आडोशांमागे उभ्या असलेल्या आठ-दहा बंदूकवाल्यांच्या डोक्यावरून वाऱ्याच्या वेगाने जातात. या एका दिवसासाठी एक गट हजारो पौंड मोजतो. फेझंट या शिकारीच्या दुसऱ्या पक्ष्यासारखे ग्राउझ पिंजऱ्यात वाढवून सोडता येत नाहीत, हा पक्षी रानटीच असतो. त्यामुळे हाका यशस्वी व्हायचा तर डोंगरावर ग्राउझ प्रचंड दाटीने असायला हवेत, निसर्गात असतात त्याच्या कितीतरी पट. त्यासाठी गेमकीपर नावाचा पगारी माणूस वर्षभर राबतो. हेदरचे पट्टे आलटून पालटून जाळायचे, म्हणजे ग्राउझला खायला कोवळे शेंडे मिळतात. कोल्हे, स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी), कावळे मारायचे. जंत होऊ नयेत म्हणून औषध लावलेली खडी ठिकठिकाणी ठेवायची. हे सगळं कायदेशीर आहे.

बेकायदेशीर आहे ते शिकारी पक्ष्यांना मारणं, आणि घोडं इथेच पेंड खातं. हेन हॅरियर हा आपल्या माळरानावरच्या भोवत्यांचा भाऊबंद. नर राखाडी, मादी तपकिरी, जमिनीलगत तरंगत फिरतो, घरटंही हेदरमध्ये जमिनीवरच करतो. उंदीर आणि छोटे पक्षी हे मुख्य खाद्य, पण ग्राउझची पिल्लंही उचलतो. १९५४ च्या कायद्याने त्याला संरक्षण मिळालं, १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याने ते आणखी कडक झालं. इंग्लंडच्या डोंगरांवर ३०० हून अधिक जोड्या राहू शकतील एवढी योग्य जागा आहे. २०१३ साली संपूर्ण इंग्लंडात एकाही जोडीचं पिल्लू उडालं नाही.

जातात कुठे? २०१९ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक अभ्यास छापून आला. नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने २००७ ते २०१७ या काळात ५८ हॅरियरना उपग्रह टॅग लावले होते. त्यातले ७२ टक्के बेकायदेशीरपणे मारले गेले, किंवा मारले गेल्याची दाट शक्यता आहे, असा निष्कर्ष निघाला. ग्राउझच्या मूरवर (मूर म्हणजे हेदरने झाकलेला उघडा डोंगरमाळ) मरण्याची किंवा बेपत्ता होण्याची शक्यता इतर जागांपेक्षा दहापट. टॅग बिघडला तर आधी थोडी लक्षणं दिसतात. इथे चांगला चालू असलेला टॅग एका क्षणी बंद होतो, पक्षीही मिळत नाही आणि टॅगही. 'बोलंड बेटी' नावाची मादी २०१२ मध्ये यॉर्कशायरमध्ये मेलेली सापडली, तिच्या हाडात शिशाचा कण निघाला. त्या प्रकरणात कुणालाच शिक्षा झाली नाही.

आणि समजा, पुरावा मिळाला. २०१३ मध्ये स्कॉटलंडात कॅब्राक इथे आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेच्या कॅमेऱ्यात घरट्यावरच्या हॅरियरला गोळी घातल्याचं चित्रण झालं. चार वर्षं तारखा पडल्या आणि २०१७ मध्ये सरकारी वकिलांनी खटलाच मागे घेतला. कारण काय, तर कॅमेरा खासगी जमिनीवर परवानगीशिवाय लावला होता, म्हणून चित्रण पुरावा म्हणून चालणार नाही!

माझं म्हणणं एवढंच आहे की हा पक्ष्याचा प्रश्न दिसतो, पण मुळात तो जमीनदारीचा आहे. डोंगर ज्याचा, त्याच्या मर्जीपुढे कायदा दाराबाहेर उभा राहतो. प्राणी कुठलाही घ्या, ब्रिटनमधल्या निसर्गसंरक्षणाचं राजकारण फिरून फिरून इथेच येतं. मतभेद असतील तर जरूर लिहा.

---

निमूट
१२ ऑगस्ट, रात्री ११:०५

वाचतोय. कॅब्राकचा किस्सा वाचून हसावं की रडावं कळेना.

---

मावळतीर
१३ ऑगस्ट, सकाळी ७:५०

चांगला विषय. एक शंका आहे. यॉर्कशायर डेल्स हे नॅशनल पार्क आहे ना? मग तिथे शिकार कशी चालते? आपल्याकडे अभयारण्यात काडी उचलली तरी वनखातं दंड करतं. वनखात्याचे लोक काय करतात तिथे?

---

टेकडीवरचा
१३ ऑगस्ट, सकाळी ८:३०

@मावळतीर, आपण ज्याला राष्ट्रीय उद्यान म्हणतो तसला हा प्रकारच नाही. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं नॅशनल पार्क झालं, तेव्हापासून ही उद्यानं म्हणजे बहुतांश खासगी जमीन आहे. आत गावं आहेत, शेतं आहेत, खाणी आहेत, मेंढ्या आहेत आणि ग्राउझचे मूरही आहेत. उद्यानाचं प्राधिकरण मुख्यतः बांधकाम परवानग्या बघतं. गस्त घालणारा वनरक्षक हा प्रकार नाही. नॅचरल इंग्लंड सल्ला देतं, परवाने देतं. गुन्हा घडला तर पोलीस, आणि पोलिसांत वन्यजीव हे खातं बहुतेकदा एखाद्या हवालदाराकडे इतर कामांच्या जोडीला असतं.

या डोंगरांवर नुसतं चालायला मिळावं म्हणूनही भांडावं लागलं. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टर-शेफील्डकडचे गिरणी-कारखान्यांतले शेकडो तरुण किंडर स्काउट या ग्राउझच्या डोंगरावर मुद्दाम घुसले. गेमकीपरांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला. चालण्याचा हक्क कायद्याने मिळाला तो २००० साली. म्हणजे जवळपास सत्तर वर्षांनी.

---

गोलंदाजाचा_दोस्त
१३ ऑगस्ट, सकाळी १०:१५

या विषयात इयन बोथमचं नाव कसं नाही आलं अजून? होय, तोच. १९८० च्या वानखेडे कसोटीत ११४ धावा आणि १३ बळी घेऊन आपल्याला एकट्याने धुतलं होतं तो. हे महाशय 'यू फरगॉट द बर्ड्स' नावाच्या मोहिमेचा चेहरा होते. मोहिमेला पैसा ग्राउझवाल्यांचा आणि निशाण्यावर आरएसपीबी. बीबीसीने ख्रिस पॅकहॅमला काढून टाकावं अशीही मागणी त्यांनी केली होती. २०२० मध्ये बोरिस जॉन्सननी त्यांना लॉर्ड केलं.

अवांतर: तो स्विंग मात्र विसरता येत नाही.

---

रेवाकाठ
१३ ऑगस्ट, सकाळी ११:००

हे पॅकहॅम म्हणजे टीव्हीवर निसर्गाचे कार्यक्रम करतात तेच ना?

---

टेकडीवरचा
१३ ऑगस्ट, दुपारी १:१०

हो ताई, तेच. २०१९ मध्ये पॅकहॅम, मार्क एव्हरी आणि रूथ टिंगे यांनी 'वाइल्ड जस्टिस' ही संस्था काढली. एव्हरी पूर्वी आरएसपीबीचे संवर्धन संचालक होते. संस्थेचं काम एकच, सरकारी खात्यांना कोर्टात खेचायचं. पहिल्याच झटक्यात नॅचरल इंग्लंडला कावळे, कबुतरं वगैरे मारायचे सरसकट परवाने मागे घ्यावे लागले. शेतकरी खवळले. त्याच दिवसांत पॅकहॅमच्या घराच्या फाटकाला कुणीतरी मेलेले कावळे टांगून गेलं. २०२१ मध्ये त्याच फाटकाजवळ गाडी पेटवून दिली.

त्याआधी २०१६ मध्ये एव्हरींच्या अर्जावर एक लाख तेवीस हजारांवर सह्या झाल्या, त्यामुळे संसदेत चर्चा घ्यावी लागली. बोलायला उठलेले बहुतेक खासदार शिकारीच्या बाजूचे. यंदा ३० जूनला वाइल्ड जस्टिसच्या नव्या अर्जावर पुन्हा चर्चा झाली. आता सरकार मजूर पक्षाचं आहे, पण उत्तर बदललं नाही: बंदीचा विचार नाही.

आरएसपीबीची गंमत वेगळीच आहे. १८८९ मध्ये मँचेस्टरजवळ डिड्सबरीत एमिली विल्यमसन यांनी टोप्यांवरच्या पिसांविरुद्ध सुरू केलेली ही संस्था, आज दहा लाखांवर सभासद. पण राजसनदेतच कलम आहे की कायदेशीर शिकारीच्या प्रश्नात संस्थेने पडू नये. त्यामुळे ते बंदी मागत नाहीत, परवाना पद्धत मागतात. एव्हरींना ती मिळमिळीत वाटते, बोथमना तीसुद्धा जहाल वाटते.

---

डम्फ्रीजकर
१३ ऑगस्ट, रात्री ९:२०

धागा आवडला, पण एकांगी वाटला. मी दक्षिण स्कॉटलंडात बरीच वर्षं डॉक्टरकी करतोय. माझ्या रुग्णांत गेमकीपर आहेत, त्यांच्या बायका-मुलं आहेत. त्यांच्या बाजूनेही कुणीतरी लिहायला हवं. टेकडीवरचा यांनी लँगहोमचा उल्लेखच केलेला नाही. या विषयात लँगहोम टाळून पुढे जाता येत नाही.

लँगहोम हे आमच्या बाजूचं सीमेलगतचं छोटं गाव. आर्मस्ट्राँग घराण्याचं मूळ गाव, म्हणून १९७२ मध्ये नील आर्मस्ट्राँग मुद्दाम येऊन गेला होता. पूर्वी कापडगिरण्या होत्या, त्या गेल्या. वरचा डोंगर बक्लूच्या ड्यूकांचा. १९९२ ते १९९७ मध्ये तिथे एक प्रयोग झाला: हॅरियरला अजिबात हात लावायचा नाही, काय होतं ते मोजायचं. हॅरियरची घरटी २ वरून २० वर गेली आणि त्या पक्ष्यांनी ग्राउझच्या पिल्लांचा एक तृतीयांशाहून जास्त हिस्सा फस्त केला. हाक्याची शिकार बंद करावी लागली. शिकार नाही म्हणून कीपरांना घरी पाठवलं. म्हणजे शिकारवाले जे म्हणत होते ते शास्त्रज्ञांनीच मोजून दाखवलं: हॅरियर भरपूर झाले की हाका संपतो. 'तो पक्षी काही नुकसान करत नाही' असं म्हणणाऱ्यांनी हा अहवाल वाचावा.

पुढचा भाग आणखी महत्त्वाचा. कीपर गेले, कोल्हे आणि कावळे वाढले, आणि काही वर्षांत हॅरियरही खाली आले, जवळपास होते तिथेच! जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला कोल्हा ड्यूकपेक्षा कमी घातक नसतो. कर्ल्यू, टिटव्या यांनाही कीपर असलेल्या डोंगरांवर फायदा होतो, हे मी ऐकीव सांगत नाही, त्यावर अभ्यास झालेले आहेत.

२००८ मध्ये दुसरा प्रयोग झाला. कीपर परत नेमले आणि हॅरियरच्या घरट्याजवळ त्यांना आयतं खाणं ठेवलं, म्हणजे ग्राउझची पिल्लं वाचतील. पिल्लं वाचली, हॅरियर वाढले, पण ग्राउझ काही हाका घेण्याइतके झाले नाहीत. २०१७ मध्ये तेही गुंडाळलं. मग ड्यूकांनी डोंगर विकायला काढला.

आता गंमत बघा. २०२१ मध्ये गावानेच वर्गणी काढून ३८ लाख पौंडांना ५,२०० एकर विकत घेतले, पुढच्या वर्षी आणखी जवळपास तेवढेच. आज ते टॅरस व्हॅली राखीव क्षेत्र आहे. पैसे देणाऱ्यांत जगभरचे लोक होते. छान झालं, मीही थोडे दिले. पण प्रत्येक मूर काही वर्गणीने घेता येणार नाही. आणि ज्या दरीत दुसरा रोजगार नाही तिथल्या पाच-सहा कुटुंबांना 'तुमचं काम गुन्हेगारी आहे' असं लीड्समध्ये बसून सांगणं सोपं असतं.

---

टेकडीवरचा
१३ ऑगस्ट, रात्री १०:४५

डॉक्टरसाहेब, लँगहोमचं तुम्ही नेमकं लिहिलंत, मी इतकं चांगलं लिहू शकलो नसतो. पण त्यातूनच माझा मुद्दा पुढे जातो. हॅरियर नैसर्गिक संख्येने राहिले तर हाक्याचा धंदा चालत नाही, हे एकदा मोजून झालं. म्हणजे आज जे मूर जोरात चालतात तिथे हॅरियर का नाहीत, याचं उत्तर त्याच अहवालात आहे. सगळे कीपर दोषी आहेत असं मी म्हणत नाही. पण कीपरचं घर मालकाचं, गाडी मालकाची, नोकरी यंदा किती ग्राउझ पडले त्यावर. मालकाने 'पक्षी मार' असं कधीच सांगायचं नाही आणि कीपरने ते समजून घ्यायचं. पकडला गेलाच तर दंड कीपरला.

यावर स्कॉटलंडने एक चांगलं केलं. १ जानेवारी २०१२ पासून नोकराच्या गुन्ह्यासाठी मालकालाही जबाबदार धरता येतं. इंग्लंडात ही तरतूद अजून नाही. का नाही, हे लॉर्डसभेतल्या जमीनवाल्यांना विचारावं.

---

स्लाउवासी
१४ ऑगस्ट, सकाळी ९:००

आमच्याकडे दक्षिणेत चित्र एकदम वेगळं आहे. स्लाउ, हाय विकम, रीडिंग, कुठेही मान वर करा, लाल घार दिसते. इंग्लंडातून ती पूर्ण संपली होती. १९९० पासून चिल्टर्न टेकड्यांत स्पेनहून पिल्लं आणून सोडली, आता एवढी झाली की लोक परसात चिकनचे तुकडे टाकतात आणि शेजारी तक्रार करतात. अलीकडे इंग्लंडातली पिल्लं उलट स्पेनला पाठवली गेली.

लंडनमधल्या ईलिंगला तर बीव्हर (ओढ्या-नद्यांवर बांध घालणारा प्राणी) आणलेत. २०२३ मध्ये पॅराडाइज फील्ड्स या कुंपण घातलेल्या जागेत पाच जणांचं कुटुंब सोडलं. ग्रीनफर्ड स्टेशनपासून चालत जाता येतं. आजूबाजूला रिटेल पार्क, मध्ये बीव्हरचे बांध. मुलांना जरूर दाखवा, पण संध्याकाळी जा, दिवसा काही दिसत नाही.

म्हणजे लोकांना हवं असेल तर प्राणी परत येतात. सगळंच निराशाजनक नाही.

---

टेकडीवरचा
१४ ऑगस्ट, दुपारी १२:४०

चिल्टर्नमध्ये ग्राउझ नाहीत हो! तीच लाल घार त्याच सुमारास उत्तर स्कॉटलंडात ब्लॅक आइललाही सोडली होती. तिथे छळापायी तिची वाढ खुंटली. २०१४ मध्ये त्याच भागात कॉनन ब्रिजजवळ २२ शिकारी पक्षी मेलेले सापडले, त्यातल्या १६ लाल घारी. प्रयोगशाळेच्या तपासणीत विष निघालं, ठेवणारा कोण ते आजवर कळलं नाही. ते विष मुद्दाम ठेवलेलं होतं की आणखी कशासाठी ठेवलेलं होतं, यावरही वाद आहे, तेव्हा मी कुणाकडे बोट दाखवत नाही.

बीव्हरचंही ईलिंगमध्ये गोड आहे. स्कॉटलंडात टे नदीच्या काठी सुपीक शेती आहे. तिथे कुणीतरी गुपचूप बीव्हर सोडले, ते पसरले, शेतांत पाणी शिरलं. १ मे २०१९ ला त्यांना कायद्याचं संरक्षण मिळालं आणि त्याच वर्षी परवाने देऊन ८७ मारलेही. एका हाताने संरक्षण, दुसऱ्या हाताने परवाना, हा इथला आवडता तोडगा आहे. इंग्लंडात खुल्या नदीत सोडायला सरकारने परवानगी दिली ती यंदा फेब्रुवारीत. मार्चमध्ये डॉर्सेटच्या पर्बेकमध्ये पहिली जोडपी सोडली.

---

पशुवैद्य_कृष्णाकाठ
१४ ऑगस्ट, रात्री ८:३०

माझा विषय निघेल म्हणून वाट बघत होतो, नाही निघाला. बॅजर, म्हणजे बिळांत राहणारा तिथला रानटी प्राणी!

शिक्षणानिमित्त काही काळ नैऋत्य इंग्लंडात काढला, त्यामुळे हे जवळून पाहिलं. गुरांचा क्षयरोग हा तिथल्या दूधवाल्यांचा जीवघेणा प्रश्न. कातडीची चाचणी करायची, गाय बाधित निघाली की मारायची, गोठ्यावर निर्बंध. दरवर्षी हजारो गुरं अशी जातात. १९७१ मध्ये ग्लॉस्टरशरला क्षयाने मेलेला बॅजर सापडला आणि तेव्हापासून बॅजर आरोपीच्या पिंजऱ्यात. आधी बिळांत गॅस सोडला, मग पिंजरे, मग बंदुका.

ब्रिटिशांचं एक मानलं पाहिजे. वाद झाला की ते प्रयोग करतात. १९९८ ते २००५ चाचणी चालली, सुमारे ११,००० बॅजर मारले आणि मोजमाप केलं. निघालं काय, तर मारलेल्या पट्ट्यात रोग थोडा कमी, पण कडेच्या भागात वाढला, कारण कळप फुटले की उरलेले बॅजर दूरवर भटकतात. २००७ मध्ये समितीने स्वच्छ लिहिलं की बॅजर मारून गुरांचा क्षय आटोक्यात आणायला अर्थपूर्ण मदत होणार नाही.

आणि सरकारने काय केलं? २०१३ मध्ये सॉमरसेट आणि ग्लॉस्टरशरला मारायला सुरुवात! आकडा गाठता आला नाही तेव्हा मंत्री ओवेन पॅटरसन म्हणाले, बॅजरनी गोलपोस्ट हलवले. देशभर टवाळी झाली. क्वीन बँडचा गिटारवाला ब्रायन मे याच्या अर्जावर ३ लाखांहून जास्त सह्या झाल्या. तरी दहा वर्षांत दोन लाख तीस हजारांवर बॅजर मेले. वेल्सने मात्र २०१२ मध्ये मारायचा बेत सोडून लस टोचायला घेतली. गेल्या वर्षी मजूर सरकारने या संसदेची मुदत संपायच्या आत हे बंद करू असं जाहीर केलं. लगेच मात्र बंद झालं नाही.

यात जमीनदारी कुठे आली, टेकडीवरचे? इथला शेतकरी काही ड्यूक नाही. अडीचशे गायींचा गोठा, दुधाला भाव नाही, आणि पुन्हा चाचणी बिघडली की रडणारा माणूस मी पाहिलाय. त्याला बॅजर दिसतो, बाजारातून आणलेली गाय दिसत नाही. २००१ च्या लाळ्या-खुरकतानंतर रिकामे गोठे भरायला देशभर गुरं फिरली, त्यातून क्षय पसरला, हे त्यालाही माहीत असतं. पण स्वतःच्या खरेदीला दोष कोण देणार?

---

रेवाकाठ
१४ ऑगस्ट, रात्री ९:१०

डॉक्टर, शंभो बैलाची गोष्ट याच रोगाची ना? तेव्हा आपल्याकडच्या पेपरांत पण खूप आलं होतं.

---

पशुवैद्य_कृष्णाकाठ
१४ ऑगस्ट, रात्री ९:५०

तीच. वेल्समधल्या कार्मार्थनशरला स्कंद वेल नावाचा आश्रम आहे. २००७ मध्ये तिथल्या शंभो या काळ्या फ्रीजियन बैलाची चाचणी बाधित आली. आश्रम म्हणाला, तो देवाचा आहे, आम्ही त्याला वेगळा ठेवतो, औषध करतो. शंभोवर कॅमेरा लावून चोवीस तास इंटरनेटवर दाखवत होते. उच्च न्यायालयात आश्रम जिंकला, आठवड्याभरात अपील न्यायालयाने निकाल फिरवला. जुलैअखेर पोलिसांना भजनं म्हणणाऱ्या भक्तांमधून वाट काढत त्याला न्यावं लागलं. शवविच्छेदनात क्षयासारख्या गाठी निघाल्या.

पशुवैद्य म्हणून मला तो निर्णय नियमाला धरून वाटतो. माणूस म्हणून वाईट वाटलं. आपल्याकडे तपासून मारण्याची राष्ट्रीय योजना नाही, त्यामुळे हा पेच आपल्यापुढे असा उभा राहत नाही. रोग आहेच.

---

माळढोक_शोधक
१५ ऑगस्ट, सकाळी ६:४५

स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. राजे-लाटसाहेबांची शिकार वाचायला बरा मुहूर्त.

हेन हॅरियर आपल्याकडे महाराष्ट्रात दिसत नाही म्हटलं तरी चालेल, पण माँटेग्यूचा आणि पांढुरका भोवत्या हिवाळ्यात सोलापूरच्या माळांवर येतात. आमच्याकडे त्यांना कुणी गोळी घालत नाही. माळच जातो. सरकारी कागदावर तो 'पडीक' असतो, मग त्यावर एमआयडीसी, सोलर, नाहीतर खड्डे काढून झाडं. तेव्हा इंग्रजांना फार नावं ठेवू नयेत. त्यांचे डोंगर निदान डोंगर राहिलेत.

प्रश्न असा की हॅरियरची संख्या आता वाढतेय म्हणतात, ते खरं का?

---

टेकडीवरचा
१५ ऑगस्ट, सकाळी ९:३०

आकडा वाढला होता हे खरं. २०१६ मध्ये सरकारने हॅरियर योजना आणली. तिचा गाभा असा: दहा किलोमीटरच्या आत दुसरं घरटं झालं तर त्यातली पिल्लं उचलायची, पिंजऱ्यात वाढवायची आणि मोठी झाली की सोडायची. म्हणजे कीपरच्या डोळ्यांसमोर एका वेळी फार हॅरियर नकोत. २०१९ पासून हे सुरू झालं. आरएसपीबी आणि एव्हरी विरोधात कोर्टात गेले, हरले. २०२३ मध्ये इंग्लंडात १४१ पिल्लं उडाली, शिकारवाल्यांनी पेढे वाटायचे बाकी ठेवले. २०२४ मध्ये ती ८० वर आली. पिल्लं उचलणं हे चाचणी म्हणून होतं, तिची मुदत संपली आणि ती पुढे चालवलेली नाही.

मला या योजनेत एकच गोष्ट बोलकी वाटली. मूरमालकांनी सहकार्य केलं आणि पिल्लं वाढली. म्हणजे त्यांनी ठरवलं तर पक्षी जगतो. मग इतकी वर्षं कुणी काय ठरवलं होतं?

तुमच्या माळाबद्दल पटलं. पण 'डोंगर डोंगर राहिलेत' यावर हेब्डन ब्रिजच्या लोकांना विचारा. वरचा वॉल्शॉ मूर ग्राउझसाठी जाळतात, निचरा करतात, म्हणून पाणी खाली जोरात येतं असं तिथल्या बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. २०१५ च्या नाताळात गाव पाण्यात होतं. एव्हरींच्या अर्जाला जोर आला त्यामागे हेही होतं. हेदरखाली पीट आहे, हजारो वर्षांचा साठलेला कार्बन. पीटवरची झुडपं जाळण्यावर २०२१ मध्ये अर्धीमुर्धी बंदी आली.

---

डम्फ्रीजकर
१५ ऑगस्ट, रात्री ८:००

पीटवर जाळण्याच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत आहे. बंदीच्या बाबतीत नाही. माझा कल परवान्याकडे आहे. आमच्याकडे मार्च २०२४ मध्ये कायदा झाला. ग्राउझची शिकार करायची तर परवाना हवा, आणि शिकारी पक्षी मारल्याचा सबळ संशय असेल तर नेचरस्कॉट ही स्कॉटलंडची सरकारी निसर्गसंस्था तो रद्द करू शकते. फौजदारी खटल्याइतका पुरावा लागत नाही. मालकाच्या खिशाला थेट चटका. याच्यापुढे कॅब्राकसारखी पळवाट उरत नाही असं वाटलं होतं.

---

निमूट
१५ ऑगस्ट, रात्री ८:२५

'वाटलं होतं' म्हणजे?

---

डम्फ्रीजकर
१५ ऑगस्ट, रात्री ८:५०

परवाना संपूर्ण एस्टेटला लागू असेल अशी कायदा करणाऱ्यांची समजूत होती. एस्टेटवाल्यांचे वकील म्हणाले, नाही, जिथे ग्राउझ पडतात तेवढ्याच तुकड्याला. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेचरस्कॉटने अट सैल केली. म्हणजे शेजारच्या दरीत, त्याच मालकाच्या जंगलात गरुड मेला तर परवान्याला धक्का नाही. मग अट पुन्हा कशी घट्ट करायची यावर खल सुरू झाला. कीपरांची बाजू घेणारा मी, पण हे मलाही चाललं नाही.

---

मावळतीर
१६ ऑगस्ट, सकाळी ७:१५

मग त्या तुकड्यांचे नकाशे, मालकांची नावं सगळ्यांना बघता येतात का? आपल्याकडे महाभूलेखवर गट नंबर टाकला की सातबारा फुकट दिसतो.

---

टेकडीवरचा
१६ ऑगस्ट, सकाळी १०:००

नाही ना राव. इंग्लंडात लँड रजिस्ट्रीकडे पैसे भरून एकेक उतारा काढावा लागतो. एखाद्या मूरचे किती तुकडे आहेत तेच माहीत नसेल तर किती उतारे काढणार? आणि जमीन विकली, गहाण ठेवली किंवा वारसाकडे गेली तरच नोंदणी सक्तीची, तीही विक्रीसाठी संपूर्ण देशभर १९९० पासून, गहाण आणि वारशासाठी १९९८ पासून. ज्या जुन्या एस्टेटी ट्रस्टमध्ये आहेत, पिढ्यानपिढ्या विकल्याच गेल्या नाहीत, त्यातल्या कित्येक नोंदणीत आलेल्याच नाहीत. उतारा काढलात आणि नाव मिळालं तरी ते बऱ्याचदा एखाद्या कंपनीचं असतं. लीड्सच्या वर दिसणाऱ्या एका मूरचा मालक शोधायचा उद्योग मी सध्या करतोय. काही हाती लागलं तर वेगळा धागा काढतो.